बॉक्स मोठा केला की पाण्याचा पृष्ठभाग जाड का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कलिना कॅम्पसवर एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणाऱ्या एका विद्यार्थ्याने पाण्याच्या थराचं सिम्युलेशन केलं. मध्ये पाणी, वर आणि खाली वाफ, तापमान ३०० केल्विन, पाण्याच्या रेणूचं मॉडेल टिप-फोर-पी/२००५. घनता नव्वद टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर यायला किती अंतर लागतं ते त्याने मोजलं. बॉक्सची बाजू ३ नॅनोमीटर असताना जाडी ३.६ अँगस्ट्रॉम आली, ६ नॅनोमीटरला ४.२ आणि १२ नॅनोमीटरला ४.७. मित्र म्हणतात कोडमध्ये बग आहे. गाइड म्हणतात बॉक्स अजून मोठा करा, आकडा स्थिरावेल. पुस्तकात व्हॅन डर वाल्सचा सिद्धांत एक ठरावीक जाडी देतो, आणि दुसऱ्या प्रकरणात कॅपिलरी वेव्हचा, म्हणजे पृष्ठताणाने आवरलेल्या तरंगांचा, सिद्धांत म्हणतो की जाडीला मर्यादाच नाही. मग खरं कोण? आणि हे तरंग कधी कोणी डोळ्यांनी पाहिलेत का?

बग नाही. आकडा स्थिरावणारही नाही, निदान तुमच्या कॉम्प्युटरला परवडेल अशा कुठल्याच बॉक्समध्ये नाही. आणि तुम्हाला कल्पना नसेल, पण या तीन आकड्यांत तुम्ही पाण्याचा पृष्ठताण मोजून ठेवला आहे. आधी तेवढं काढून दाखवते, सिद्धांत मागून येईल.

दहा-नव्वद जाडीला २.५६ ने भागलं की पृष्ठभागाच्या वरखाली होण्याचं प्रमाण विचलन मिळतं (आलेख एरर फंक्शनच्या आकाराचा आहे असं धरून). तुमच्या तीन बॉक्ससाठी ते १.४१, १.६४ आणि १.८३ अँगस्ट्रॉम येतं. त्यांचे वर्ग करा: १.९७, २.६९, ३.३६ चौरस अँगस्ट्रॉम. आता फरक बघा. बाजू दुप्पट केली तेव्हा ०.७२ ने वाढ झाली, पुन्हा दुप्पट केली तेव्हा ०.६७ ने. म्हणजे दर दुपटीला जवळपास सारखीच भर. जी गोष्ट दुपटीगणिक सारख्या पायरीने वाढते ती लॉगॅरिदमने वाढते. सरासरी पायरी ०.७० धरा, तिला २ च्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे ०.६९३ ने भागा. उत्तर सुमारे १.० चौरस अँगस्ट्रॉम. कॅपिलरी वेव्हचा सिद्धांत सांगतो की हा आकडा म्हणजे औष्णिक ऊर्जा भागिले दोन पाय (π) गुणिले पृष्ठताण. ३०० केल्विनला औष्णिक ऊर्जा, म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, ४.१४ गुणिले दहाचा उणे एकविसावा घात ज्यूल. त्यावरून पृष्ठताण येतो मीटरला सुमारे ६६ मिलीन्यूटन. या मॉडेलचा दाबाच्या टेन्सरवरून (म्हणजे उभ्या आणि आडव्या दिशेतल्या दाबांच्या फरकावरून) काढलेला पृष्ठताण ३०० केल्विनला ६९ च्या आसपास असतो, आणि खऱ्या पाण्याचा ७२ च्या थोडा खाली.

इतकं जुळलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. तुमच्या जाडीत ०.१ अँगस्ट्रॉमची चूक सहज असू शकते, आणि तेवढ्याने ६६ चे ५८ किंवा ७५ होतात. पण बग असता तर तो दुपटीगणिक सारखी पायरी आणि तीही योग्य उंचीची देत बसला नसता.

आता सिद्धांतांकडे. लाप्लास आणि यंग यांनी १८०५-०६ च्या सुमारास पृष्ठताणाचं गणित मांडलं ते पृष्ठभाग सुरीने कापल्यासारखा धारदार धरून. १८३१ मध्ये प्वासाँने आक्षेप घेतला की घनता अशी एका उडीत बदलूच शकत नाही. त्याला पुरतं उत्तर मिळायला १८९३ उजाडलं. व्हॅन डर वाल्सने म्हटलं की प्रत्येक उंचीवर घनतेनुसार एक मुक्त ऊर्जा असते, शिवाय घनता जिथे झपाट्याने बदलते तिथे त्या बदलाच्या वर्गाइतकी जादा किंमत मोजावी लागते. पहिली गोष्ट पृष्ठभाग पातळ करू पाहते, कारण मधल्या घनता निसर्गाला महाग पडतात. दुसरी तो पसरवू पाहते. दोघींच्या ओढाताणीतून एक गुळगुळीत आलेख निघतो, क्रांतिक बिंदूजवळ (जिथे द्रव आणि वाफ यांत फरक उरत नाही) तो हायपरबोलिक टॅन्जन्टच्या आकाराचा असतो. त्याची जाडी असते सहसंबंध लांबीएवढी, म्हणजे द्रवात एका जागच्या घनतेची खबर जितक्या अंतरापर्यंत पोचते तेवढी. कान आणि हिलियर्ड यांनी १९५८ मध्ये मिश्रधातूंसाठी हेच समीकरण पुन्हा मांडलं, म्हणून मटेरियल सायन्सवाल्यांच्या तोंडी त्यांची नावं असतात.

या गणितात बॉक्सची बाजू कुठेच येत नाही, गुरुत्वाकर्षणही येत नाही. कारण घनता फक्त उंचीवर अवलंबून आहे असं सुरुवातीलाच धरलंय. पृष्ठभाग सपाट राहणार हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. पाठ्यपुस्तकं हे एका ओळीत उरकतात आणि विद्यार्थ्यांचा घोटाळा नेमका तिथून सुरू होतो.

दुसरी बाजू उलट टोकाकडून सुरू होते. स्मोलुखोव्स्कीने १९०८ मध्ये सुचवलं की रेणूंच्या उष्णतेमुळे पृष्ठभाग सतत खडबडीत होत असला पाहिजे. मांडेलश्टामने १९१३ मध्ये त्याचं गणित करून पृष्ठभागावरून प्रकाश कसा विखुरेल ते काढलं. आज ज्याला आपण कॅपिलरी वेव्ह सिद्धांत म्हणतो तो बफ, लव्हेट आणि स्टिलिंजर यांनी १९६५ मध्ये मांडला. त्यात पृष्ठभाग पुन्हा धारदार धरला आहे, पण लवचीक. तो वाकला की क्षेत्रफळ वाढतं, त्याची किंमत पृष्ठताण वसूल करतो. तो उचलला गेला की पाण्याचं वजन उचलावं लागतं, त्याची किंमत गुरुत्व. या वळणावळणांचे वेगवेगळ्या तरंगलांबीचे तरंग करा आणि प्रत्येक तरंगाला त्याच्या वाट्याची अर्धी औष्णिक ऊर्जा द्या. झालं, सिद्धांत संपला. एका पानात मावतो.

त्यातून निघणारं फळ असं: तरंगलांबी जितकी मोठी तितकी तरंगाची उंची जास्त, कारण लांब तरंगाला पृष्ठताण फारसा अडवत नाही. सगळ्या तरंगांच्या उंचींच्या वर्गांची बेरीज केली की सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड तरंगलांबीच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम मिळतो. आखूड टोक रेणूच्या आकाराशी संपतं. लांब टोक कोण ठरवतं? तुमच्या सिम्युलेशनमध्ये बॉक्सची बाजू, कारण तिच्यापेक्षा लांब तरंग आत मावतच नाही. बशीतल्या पाण्यात गुरुत्व ठरवतं. पाण्याची कॅपिलरी लांबी २.७ मिलीमीटर आहे, तिला दोन पायने गुणलं की १७ मिलीमीटर. यापेक्षा आखूड तरंगांवर पृष्ठताणाचं राज्य, लांब तरंगांवर गुरुत्वाचं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून दिसतात त्या लाटा सगळ्या दुसऱ्या गटातल्या, आणि त्या वाऱ्याने उठतात. उष्णतेने उठणारे तरंग त्यांच्यावर स्वार असतातच, फक्त अँगस्ट्रॉमच्या उंचीचे.

आकडे घालून बघा. खऱ्या पाण्याला २५ अंश सेल्सिअसला लॉगचा गुणक (तुमच्या आकड्यांत जो १.० आला तो) सुमारे ०.९ चौरस अँगस्ट्रॉम, आणि १७ मिलीमीटरपासून रेणूपर्यंतच्या गुणोत्तराचा लॉग जवळपास १८. गुणाकार सोळाच्या आसपास, वर्गमूळ ४ अँगस्ट्रॉम. १९८५ मध्ये ब्रास्लाउ आणि सहकाऱ्यांनी पाण्यावरून एक्स-किरण परावर्तित करून खडबडीतपणा मोजला तेव्हा तो ३ अँगस्ट्रॉमच्या थोडा वर आला. चारपेक्षा कमी का? कारण उपकरणाची विभेदनक्षमता मर्यादित असते. एका ठरावीक लांबीपेक्षा लांब तरंगांनी विखुरलेले किरण डिटेक्टरला आरशातून आल्यासारखेच दिसतात, ते खडबडीतपणात मोजले जात नाहीत. म्हणजे तुमच्या बॉक्सचं जे काम, तेच तिथे उपकरण करतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच: पृष्ठभागाची जाडी सांगताना ती किती लांबीच्या खिडकीतून पाहिली हे सांगितलं नाही, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

गुरुत्व शून्य केलं तर लॉगचं लांब टोक मोकळं सुटतं आणि जाडी अनंत होते, असं पुस्तकात वाचून विद्यार्थी दचकतात. हा अनंत फार आळशी आहे. समजा गुरुत्व नाही आणि पाण्याचा पृष्ठभाग अरबी समुद्राइतका रुंद, अडीच हजार किलोमीटर धरा. १७ मिलीमीटरच्या तुलनेत ही लांबी सुमारे पंधरा कोटीपट आहे, त्याचा लॉग १८.८, म्हणून वर्गात सुमारे १७ ची भर. सोळा अधिक सतरा तेहतीस, वर्गमूळ ६ अँगस्ट्रॉमच्याही आत. अख्ख्या समुद्राएवढा आरसा, आणि धूसरपणा दोन रेणूंच्या व्यासाइतका. गणितात अनंत म्हटलं की व्यवहारात ते कुठवर पोचतं हे एकदा आकडे घालून बघायची सवय लावून घ्या. गाइडचं ‘स्थिरावेल’ आणि पुस्तकाचं ‘मर्यादा नाही’ या दोन्हींची भीती जाईल.

मग दोन्ही सिद्धांतांचं नातं काय? चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर वाऱ्यावर फडफडते आहे आणि तुम्ही शटर बराच वेळ उघडं ठेवून कडेने तिचा फोटो काढलात, तर फोटोत रुंद धूसर पट्टा येईल. कापडाची जाडी वेगळी आणि पट्ट्याची रुंदी वेगळी. व्हॅन डर वाल्स कापडाबद्दल बोलतो, कॅपिलरी वेव्ह फडफडीबद्दल, आणि तुमचा सरासरी घनतेचा आलेख म्हणजे तो पट्टा. नेहमीची कृती अशी की कापडाच्या जाडीचा वर्ग अधिक फडफडीचा वर्ग म्हणजे पट्ट्याचा वर्ग. वीक्सने १९७७ मध्ये या समेटाला सांख्यिकी यांत्रिकीचा पाया दिला: पृष्ठभागाचे सहसंबंध लांबीएवढ्या रुंदीचे उभे स्तंभ करा, स्तंभाच्या आत व्हॅन डर वाल्स लावा, स्तंभांच्या आपसातल्या वरखालीला कॅपिलरी वेव्ह. त्याआधी, १९७२ मध्ये, ट्रायझेनबर्ग आणि झ्वांझिग यांनी दाखवलं होतं की पृष्ठभागाच्या चढउतारांवरून काढलेला पृष्ठताण आणि यांत्रिक व्याख्येतला पृष्ठताण एकच. तुमचे ६६ आणि ६९ शेजारी बसतात ते त्याच कारणाने.

चादरीची उपमा इथपर्यंतच चालते. चादरीचं कापड वारा थांबला की हातात घेऊन मोजता येतं. पाण्याची फडफड थांबवता येत नाही, आणि सुरकुत्या जेव्हा कापडाच्या विणीएवढ्या बारीक होतात तेव्हा सुरकुती कुठली आणि वीण कुठली हे ठरवायचा कोणताही नैसर्गिक नियम नाही. आखूड टोक ‘रेणूच्या आकाराशी’ संपतं असं वर मी सहज लिहिलं, पण ते ३ अँगस्ट्रॉमला संपवायचं की ६ ला, यावर लॉगमध्ये ०.६९ चा फरक पडतो आणि तो सरळ ‘मूळ’ जाडीत जाऊन बसतो. म्हणून एखाद्या पेपरात पाण्याची मूळ जाडी अमुक इतकी असं वाचलं, तर कटऑफ, म्हणजे हे आखूड टोक, काय घेतला ते आधी शोधा. बॉक्सगणिक होणारी वाढ मात्र या कटऑफवर अवलंबून नाही. म्हणूनच मी तुमच्याकडून फरक काढून घेतले, एकेकट्या जाडीला हात लावला नाही.

मूळ आलेख काढण्याच्या पद्धती गेल्या वीसेक वर्षांत चांगल्या झाल्या आहेत. चाकोन आणि तारासोना यांनी २००३ मध्ये प्रत्येक क्षणाच्या चित्रात सर्वांत बाहेरच्या रेणूंवरून पृष्ठभाग बांधायची रीत दिली. विलार्ड आणि चँडलर यांनी २०१० मध्ये रेणू गाउसियनने (घंटेच्या आकाराच्या वक्राने) थोडे धूसर करून घनता निम्मी होते तिथे क्षणिक पृष्ठभाग आखला. या पृष्ठभागापासून अंतर मोजून आलेख काढला की तो गुळगुळीत राहत नाही, त्यात थर दिसतात: पहिला रेणूंचा थर ठळक, त्यामागे दुसरा पुसट. पृष्ठभागाजवळ रेणूंचं तोंड कुठे, हायड्रोजन बंध किती तुटलेले, असल्या रसायनशास्त्रातल्या प्रश्नांसाठी हाच आलेख वापरा. सरासरी आलेखात ते सगळं फडफडीने पुसलेलं असतं.

क्रांतिक बिंदूजवळ काय होतं ते जरा सावकाश सांगते, कारण दोन सिद्धांतांचा खरा हिशेब तिथे होतो. पाण्याचा क्रांतिक बिंदू ६४७ केल्विन आणि सुमारे २२ मेगापास्कल. तिथे पोचताना द्रव आणि वाफ सारखे होत जातात, पृष्ठताण शून्याकडे जातो आणि सहसंबंध लांबी वाढत जाते. व्हॅन डर वाल्सच्या गणितात क्रांतिक तापमानापासूनच्या अंतराच्या १.५ व्या घाताने पृष्ठताण कमी होतो आणि सहसंबंध लांबी उणे अर्ध्या घाताने वाढते. आता त्याचाच पृष्ठताण कॅपिलरी वेव्हच्या सूत्रात टाका. तरंगांच्या उंचीचा वर्ग उणे १.५ घाताने फुगतो, कापडाच्या जाडीचा वर्ग मात्र फक्त उणे १ घाताने. म्हणजे पुरेसं जवळ गेलात की पृष्ठभाग स्वतःच्या जाडीपेक्षा कितीतरी जास्त उसळतो आहे, आणि ज्याने हे भाकीत केलं त्याने तो सपाट धरला होता. सिद्धांत स्वतःविरुद्ध साक्ष देतो.

प्रत्यक्ष मोजमापं पृष्ठताणाचा घातांक १.२६ देतात आणि सहसंबंध लांबीचा ०.६३. एक दुसऱ्याच्या नेमका दुप्पट. विडमने १९६५ मध्ये हे नातं मांडलं: पृष्ठताण गुणिले सहसंबंध लांबीचा वर्ग हा औष्णिक ऊर्जेच्या एका स्थिर पटीत राहतो. ती पट सगळ्या साध्या द्रवांना सारखीच, सुमारे ०.३९ (लांबी क्रांतिक तापमानाच्या वरच्या बाजूची धरून). झेनॉन घ्या, कार्बन डायऑक्साइड घ्या, दोन द्रवांचं मिश्रण घ्या. अर्थ असा की खऱ्या द्रवात कापड आणि फडफड एकाच वेगाने वाढतात, क्रांतिक बिंदूपर्यंत एकमेकांच्या मापात राहतात. तिथे कापड वेगळं आणि फडफड वेगळी असं म्हणणं ही निव्वळ आपली सोय. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात हा वाद तुम्हाला जाणवणारही नाही. पण उद्या कोणी ६०० केल्विनला सिम्युलेशन करायला सांगितलं तर दोन्ही वर्गांची बेरीज डोळे मिटून करू नका.

हे तरंग कधी कोणी डोळ्यांनी पाहिलेत का, असंही तुम्ही विचारलंय. पाण्यात नाही, चार अँगस्ट्रॉम कुठल्याही प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला दिसायचे नाहीत. पण पृष्ठताण हातात असेल तर उंची हवी तेवढी वाढवता येते. आर्ट्स, श्मिट आणि लेकरकर्कर यांनी २००४ मध्ये प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचं आणि पॉलिमरचं मिश्रण घेतलं. त्यात कणांनी दाट असलेला एक भाग आणि विरळ असलेला दुसरा भाग असे दोन विभाग पडतात, अगदी द्रव आणि वाफेसारखे. पृष्ठताण मात्र मीटरला शेकडो नॅनोन्यूटनच्याही खाली, म्हणजे पाण्याच्या एक लाखांशाहूनही कमी. १०० नॅनोन्यूटन धरला तर औष्णिक ऊर्जेला त्याने भागून वर्गमूळ काढल्यावर ०.२ मायक्रोमीटर येतात. हे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या टप्प्यात आलं, आणि पडद्यावर हलती नागमोडी रेघ दिसली. कॅपिलरी वेव्हचं सूत्र त्या रेघेला चोख लागू पडलं. व्याख्यानात कोणी या सिद्धांतावर शंका घेतली तर मी गणित सांगत नाही, ती चित्रं दाखवते.

आता वादाचा भाग. आखूड तरंगांसाठी पृष्ठताण तोच राहतो का? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. हेलफ्रिखने पातळ पडद्यांसाठी मांडलं त्या धर्तीचं वाकण्याचं कडकपण घातलं तर आखूड तरंगांना पृष्ठताण वाढल्यासारखा वाटेल. रेणूंमधली दूरवर पोचणारी आकर्षणं धरून मेके आणि डिट्रिख यांनी १९९९ मध्ये काढलं की तो आधी कमी होतो, मग वाढतो. २००० मध्ये फ्रादाँ आणि सहकाऱ्यांनी पाण्यावर तिरपे एक्स-किरण टाकून मोजलं आणि खरंच कमी होताना दिसला. सगळे खूश झाले. पण पृष्ठभागाने विखुरलेल्या किरणांतून आतल्या पाण्याने विखुरलेले किरण वजा करावे लागतात, आणि ती वजाबाकी कशी करायची यावर उत्तर बदलतं. होफलिंग आणि डिट्रिख यांनी २०१५ मध्ये मोठ्या सिम्युलेशनमध्ये ही वजाबाकी काळजीपूर्वक केली, तर पृष्ठताण वाढताना दिसला. पॅरी, रास्कोन आणि इव्हान्स यांचं म्हणणं त्याहून टोकाचं: तरंगलांबीनुसार बदलणारा पृष्ठताण ही कल्पनाच पृष्ठभागाच्या रचनेचं वर्णन करायला अपुरी आहे. मला त्यांचा मुद्दा पटतो. व्याख्येवर ज्याचं चिन्ह बदलतं ती राशी मोजण्यात एम.एस्सी.चं वर्ष घालवू नका. पीएच.डी.ला वेळ असतो.

उरलं तुमचं काम. सर्वांत आधी थराचं वस्तुमानकेंद्र प्रत्येक फ्रेममध्ये मध्यावर आणता का, ते तपासा. थर हळूहळू सरकत असेल तर आलेख आपोआप रुंद होतो आणि ती रुंदी बॉक्सबरोबर वाढत नाही, वेळेबरोबर वाढते. तपासायला सोपं: रनचा पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा भाग वेगळा करून दोन्हींची जाडी काढा, अख्ख्या रनची जाडी त्या दोन्हींपेक्षा ठळक जास्त आली तर सरकणं आहे. दुसरं, दूरच्या आकर्षणांचा कटऑफ, म्हणजे ज्या अंतरापलीकडे ती धरायची सोडतो ते अंतर, तिन्ही बॉक्सना एकच ठेवा. लेनर्ड-जोन्सचा भाग (मॉडेलमधलं रेणूंचं विद्युतभाराशिवायचं आकर्षण-प्रतिकर्षण) जवळ कापला की पृष्ठताण कमी होतो आणि बॉक्सगणिक कटऑफ बदलला असेल तर जाडीच्या वर्गाची बाजूच्या लॉगसमोर येणारी तुमची सरळ रेघ वाकेल, मग त्यात भौतिकशास्त्र शोधत बसाल.

वाफेच्या बाजूला काहीच दिसत नाही म्हणून घाबरू नका. ३०० केल्विनला संपृक्त वाफेत हजार घन नॅनोमीटरला रेणू एकसुद्धा पुरता भरत नाही. ३ नॅनोमीटर बाजूच्या बॉक्समध्ये वर १० नॅनोमीटर मोकळी जागा असेल तर तिथे बहुतेक फ्रेममध्ये शून्य रेणूच असायला हवेत. खऱ्या पाण्यासाठी वायूच्या गतिज सिद्धांताने काढलं तर तेवढ्या पृष्ठभागावर वाफेतून नॅनोसेकंदाला साधारण एक रेणू येऊन आदळतो. ऑक्टोबरात मुंबईच्या घामाघूम दुपारी हवेतली वाफ याच्या फार खाली नसते, तरी रेणूंच्या मापाने ती ओसाडच.

वेळेबद्दल. सुमारे ४० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंग पाण्यात धावत नाहीत, चिकटपणामुळे जागच्या जागी विरतात. विरायला लागणारा वेळ तरंगलांबीच्या प्रमाणात असतो: ३ नॅनोमीटरला दहा-बारा पिकोसेकंद, १२ ला पन्नासच्या आसपास, २४ ला शंभरच्या जवळ. थर पातळ असेल तर आणखी जास्त. म्हणजे १० नॅनोसेकंदांच्या रनमध्ये १२ नॅनोमीटरच्या बॉक्समधल्या सर्वांत लांब तरंगाचे स्वतंत्र नमुने फार तर दोनशे. फाइलमध्ये फ्रेम कितीही साठवल्या तरी एरर बार या दोनशेवरून काढा, फ्रेमच्या संख्येवरून नको. थराच्या दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या तर नमुने दुप्पट होतात आणि दोन्हींचं पटतं का हेही कळतं.

गाइड बॉक्स मोठा करा म्हणाले ते कराच, पण वेगळ्या कारणासाठी. २४ नॅनोमीटरची बाजू आणि ५ नॅनोमीटर जाड थर घेतला तर ९६ हजारांच्या आसपास रेणू लागतील. विभागातल्या एका जीपीयूवर जमण्यासारखं काम आहे. रन सुरू करण्याआधी वहीत भाकीत लिहून ठेवा: दहा-नव्वद जाडी ५.१ ते ५.२ अँगस्ट्रॉम. आणि दाबाच्या टेन्सरवरून पृष्ठताण त्याच रनमधून काढा, वेगळा रन नको. त्याला दूरच्या आकर्षणांची दुरुस्ती घालाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की तुमचे तरंग कापलेल्या बलांवरच नाचले होते, म्हणून तरंगांवरून काढलेल्या पृष्ठताणाची तुलना आधी दुरुस्ती न घातलेल्या आकड्याशी करा. प्रबंधातल्या तक्त्यात जाडीच्या शेजारी बॉक्सची बाजू हा रकाना हवाच, आणि आलेख काढाल तो जाडीचा नको, जाडीच्या वर्गाचा, बाजूच्या लॉगसमोर.